वाजवून बघणारे अण्णा

आमच्या समोरच्या अण्णाला कुठलीही वस्तू नुसती बघता येत नसे. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं, तिच्यावर टक् करून वाजवायचं, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि निकाल द्यायचा. ‘खणखणीत.’ नाहीतर ‘बद्द.’ तिसरा निकाल त्याच्याकडे नव्हता.

अख्खी गल्ली त्याला अण्णा म्हणायची. तोंडावर मीही अण्णाच म्हणायची. मनात काय म्हणायची ते इथं लिहिता येणार नाही.

त्याचं भांड्यांचं दुकान होतं, राजारामपुरीत आमच्याच गल्लीत, माझ्या फॉल-पिकोच्या दुकानासमोर. भांड्याला चीर गेली की आवाज बद्द येतो, हे मलाही कळतं. पण हा गडी दुकानातून उठला तरी बोट काही सरळ व्हायचं नाही. कुणी नवं दार बसवलं की दार वाजव. कुणाची नवी गाडी आली की बॉनेट वाजव. एकदा माझ्या दुकानात येऊन मशीनची फळी वाजवली आणि म्हणाला, “वहिनी, वाळवी लागलीया बघा आतनं. आवाज बद्द येतोय.” मी म्हटलं, तुम्हाला कुणी विचारलं? तर वर तोंड करून म्हणतो, “खरं ते बोललो. राग मानायचं काय कारण न्हाय.”

हे त्याचं पालुपद. तुमच्याही गल्लीत असा एक असणार. खरं बोलायचा मक्ता घेतलेला. अशा माणसांचं खरं नेहमी दुसऱ्याबद्दलच असतं, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच.

अंगानं हा एवढा. गादीवर बसला की गादी दिसायची नाही. कपाळाला भस्माची तीन बोटं, गळ्यात लिंग. मटण सोडा, अंड्याचं टरफल त्या घरात कधी गेलं नाही, आणि दारूचं तर नाव काढायची सोय नव्हती. पण त्याची म्हातारी आई कानडी सीमेकडच्या गावातली. तिच्या हातची होळगी, म्हणजे आपली पुरणपोळी, तुपात बुडवून निघायची, आणि सणवार नसला तरी निघायची. भडंगाचा डबा गल्ल्याशेजारी कायम उघडा. आणि बसल्या बसल्या हा माणूस गल्लीतल्या पिणाऱ्यांना उपदेश करायचा. “लिव्हर काय चीज हाय माहीत हाय का? एकदा गेलं की गेलं.” कुणाकुणाला त्यानं बायकापोरांसमोर शपथा घातल्या होत्या. सुटली कुणाची, तर चांगलंच झालं. मी कशाला नाही म्हणू?

माझे मालक प्यायचे. लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या गल्लीनं बघितलंय. माणूस मनानं वाईट नव्हता. ब्लाऊजची कटिंग अशी करायचे की बायका पार गारगोटी गावावरनं यायच्या. पण हाताला कंप सुटला आणि कात्री माझ्या हातात आली. शेवटी शेवटी हातपाय काड्या झाले आणि पोट तेवढं पुढं आलं. डॉक्टर म्हणाले होते, पोटात पाणी भरतंय.

एकदा भर दुपारी मालक दुकानाच्या पायरीवर उन्हाला बसले होते. शेजारी मंडळाची चार-सहा माणसं वर्गणीचं बोलत उभी होती. हा समोरून आला. मालकांकडं बघितलं. वाकला, आणि मालकांच्या पोटावर ते बोट टक् करून वाजवलं. मान तिरकी केली. म्हणाला, “बद्द. पाणी झालंय आत.”

हसले की लोक! कुणी तोंडावर हात ठेवून हसलं, कुणी तसंच. मालकपण हसले. ते हसले तेच मला अजून सहन होत नाही. मी कात्री टाकून बाहेर आले, तोवर हा म्हणतोय, “खरं ते बोललो. राग मानायचं काय कारण न्हाय.”

त्या दिवसानंतर मालक उजेडी घराबाहेर पडले नाहीत. पायरीवर सुद्धा आले नाहीत. मी म्हणायची, जरा बसा जावा, ऊन चांगलं पडलंय. तर म्हणायचे, “नको. लोकं वाजवून बघत्यात.” काही महिन्यांत गेले. दारूनं गेले, मला कबूल आहे. पण चोरासारखे घरात तोंड लपवून गेले ते या माणसामुळं. हे मी त्याला कधी माफ केलं नाही, आणि माफ करायची मला गरजही वाटली नाही.

आता मंडळाच्या भांड्यांचं सांगते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या मंडळाचा गणपतीत महाप्रसाद असतो. गल्लीच्या मधोमध चुली मांडतात. घरातलं कुणी गेलं की वर्षाच्या आत मंडळाला एक भांडं द्यायचं, आणि त्याच्यावर नाव घालायचं, अमक्याच्या स्मरणार्थ म्हणून. ही आमच्या गल्लीची रीत. पातेली, पराती, झारे, बादल्या, सगळ्यांवर आमच्या गल्लीतली गेलेली माणसं आहेत. वाढणारा ओरडतो, “पाटलांच्या आजीला इकडं आणा रे,” आणि आमटीची बादली येते. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मला तर ते फार आवडायचं.

पण भांडं घ्यायचं ते अण्णाच्या दुकानातून, आणि नाव घालणार अण्णाच, त्या कुरकुर करणाऱ्या मशीननं. मंडळाची सगळी भांडी तशीच झालेली. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याच्या पोटावर ज्यानं बोट वाजवलं, त्याच्या हातानं मी नवऱ्याचं नाव घालून घेऊ? दुसरीकडून आणलं असतं तर चार माणसांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे तेच परत उगाळायचं. मग राहिलंच. गल्लीतलं प्रत्येक घर त्या भांड्यांत होतं, माझं तेवढं नव्हतं.

बरं, तर हा अण्णा एकदम वाळायला लागला.

आधी गाल गेले. मग मान सापडली, जी आम्ही कधी बघितलेलीच नव्हती. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. केस विरळ झाले. मधे काही दिवस दुकान बंद होतं, तेव्हा घरातल्यांनी सांगितलेलं की बेळगावला पाव्हण्यांकडं गेलेत. आला तो वाटीभर पेज पीत बसलेला. सकाळी त्याच्या मोरीतून ओकाऱ्यांचा आवाज यायचा, आणि मोरीची खिडकी गल्लीकडं.

मग काय विचारता! गल्लीला एवढं पुरे. कुणीतरी त्याला लिव्हरच्या डॉक्टरकडं बसलेलं बघितलं. लिव्हर म्हटल्यावर आपल्याकडं दुसरा अर्थच नाही. “तरीच! लोकांस्नी शपथा घालत हुता आन् घरात दार लावून पीत हुता.” “बेळगावला कशाला गेलता? दारू सोडवायला गेलता.” “माझा दाजी असाच वाळला हुता, मग गेलाच.” मी पिको करत सगळं ऐकत होते. खोटं कशाला बोलू, कानाला गोड लागत होतं.

एकदा कुणाच्या तरी नव्या गाडीची पूजा झाली आणि गल्लीत पेढे वाटले. अण्णानं उभ्या उभ्या दोन-तीन पेढे तोंडात टाकले. नाही म्हणायची सवय कुठली? थोड्या वेळानं बघते तर हा गल्लीच्या मधोमध झुलतोय. घामानं भिजलेला, डोळे फिरलेले, रिक्षाला धरून उभा राहायला बघतोय आणि हात निसटतोय. मंडळाच्या कट्ट्यावरनं एकजण ओरडला, “आयला, अण्णा आज दिवसाढवळ्याच!”

मी गेले आणि दंडाला धरून त्याला माझ्या दुकानात स्टुलावर आणून बसवलं. दया आली म्हणून नाही. माझ्या दारात पडला असता, म्हणून. आणि जवळ गेल्यावर नाकाला कळलंच. त्या वासात माझा संसार गेलाय. कालची, आजची, हातभट्टीची, बाटलीची, मला लांबून कळते. या माणसाच्या तोंडाला वेलदोड्याचा वास होता. बाकी काही म्हणजे काही नाही.

“काय झालंय तुम्हाला?” मी म्हटलं.

त्यानं सदऱ्याचा घोळ जरा वर केला. पोटावर बारीक बारीक टाके भरून आल्याच्या खुणा.

“ऑपरेशन केलंय वहिनी. दुर्बिणीतनं. पोट बारकं केलंय. आता गोड खाल्लं की असंच हुतंय, गरागरा फिरतंय.”

“पोट बारीक कशाला केलं?”

“लिव्हर,” तो म्हणाला.

मला हसू आलं. त्याच्या तोंडावर हसले मी. तो खाली मान घालून बसला.

मग त्यानं सांगितलं. दारूचा थेंब न पिता लिव्हरमध्ये चरबी साठलेली. नुसती चरबी असती तर एक, पण लिव्हर कडक व्हायला लागलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर दारूनं जे होतं तेच तुमचं बिनदारूचं होणार. यानं चालून बघितलं, उपास करून बघितले, वजन उतरायचं आणि परत चढायचं. मग ऑपरेशन. त्याच्याही आधी बरेच दिवस पाण्यासारखं पातळ खायला लावलं, कारण लिव्हर एवढं सुजलेलं होतं की ते जरा आक्रसल्याशिवाय पोटापर्यंत पोचायलाच वाट नव्हती.

“मग लपवलंत कशाला?”

“जल्मभर लोकांस्नी लिव्हरचं सांगितलं. आन् माझंच लिव्हर गेलं म्हणून सांगू? त्यात पोरगी लग्नाची हाय. कोण इश्वास ठेवंल, पीत न्हाय म्हणून?” त्यानं सदरा खाली ओढला. “कुणाला सांगू नका वहिनी.”

समोर भिंतीवर मालकांचा फोटो होता, हार घातलेला. त्याचं तिकडं लक्ष गेलं. तोंड उघडलं, परत मिटलं. मी म्हटलं, “पाणी प्या आणि जावा.”

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण या शहाण्यानं झाकलं असं की लोकांना भलतंच दिसलं. सरळ सांगितलं असतं, चरबीचं ऑपरेशन केलंय, तर दोन दिवस हसले असते आणि विसरले असते. आता लोकांच्या हिशेबी तो दारुडा होता, तोही चोरून पिणारा. पोरीची दोन स्थळं दारापर्यंत येऊन परत गेली. मी कुणाला काही सांगितलं नाही. त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे. त्यानं माझ्या नवऱ्याला भर गल्लीत उघडं केलं, आता बसू दे त्याला उघड्यावर, असं मला वाटत होतं. अजूनही त्यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

आणि एक दिवस हातकणंगल्याची माणसं माझ्या दुकानात आली. एक मामा, एक आत्याबाई. ब्लाऊज शिवायला नाही आलेत हे बघताक्षणी कळलं. आपल्याकडं चौकशी अशीच होते. पोरगी बघायच्या आधी तिच्या घराच्या आजूबाजूला चहा प्यायचा.

“समोरच्या घरातली पोरगी आमच्या भाच्याला सांगून आलीया,” मामा म्हणाले.

“पोरगी सोन्यासारखी आहे. डोळे झाकून करा,” मी म्हटलं. आणि ते खरंच होतं. माझे मालक गेले तेव्हा रोज दुपारी गपचूप येऊन माझ्याजवळ बसायची ती. बापाला न सांगता.

आत्याबाईंनी पदर सावरला. “पोरीचं न्हाय हो. बाचं इचारतोय. लिव्हर गेलंय म्हणं दारूनं. गल्लीच्या तोंडाला तर सगळीकडं त्येच हाय. खालचा चहावाला म्हणला, त्या टेलरबाईंस्नी इचारा. त्येंचा आन् अण्णाचा उभा दावा हाय, त्या काय झाकायच्या न्हाईत.”

म्हणजे बघा. माझ्या वैरावर भरवसा ठेवून आली होती माणसं.

एक शब्द पुरला असता. शब्द कशाला, मी नुसती मान हलवून सुस्कारा टाकला असता तरी चहा अर्धा टाकून उठले असते. माझी मान हलायला आलीही होती. पण ती पोरगी समोर दुकानात बापाच्या जागी बसून पातेली पुसत होती, आणि मला माझ्या लग्नाच्या वेळची सासरची चौकशी आठवली. मालकांच्या पिण्याचं माहेरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खोट्यानं माझं वाटोळं झालं. आता दुसऱ्या पोरीचंही खोट्यानंच करू?

आणि मग माझं तोंड जे सुटलं!

“दारू? त्या माणसाला दारू पचली असती तर बरं झालं असतं, जरा माणसात तरी आला असता! ऐका पावणं. हा माणूस आगाऊ आहे. तोंडाळ आहे. नको तिथं नाक खुपसणारा आहे. तुमच्या घरी आला की तुमची दारं-खिडक्या वाजवून बघेल आणि तुमच्या मानपानाच्या ताटाला बद्द म्हणेल. तुमच्या म्हाताऱ्याला चारचौघांत लाज आणेल आणि वर म्हणेल राग मानू नका. त्याच्यामुळं माझा नवरा दाराबाहेर पडायचा बंद झाला. मी त्याच्या घरचं पाणी पीत नाही. पण दारू? थेंब नाही. माझा जन्म दारुड्याजवळ गेलाय, मला शिकवू नका. खाऊन खाऊन चरबी झाली लिव्हरला, म्हणून पोट बारीक करायचं ऑपरेशन केलंय त्यानं. चारच घास खातो आता. हवं तर सदरा वर करायला लावा, खुणा बघा.”

मामा माझ्याकडं बघतच राहिले. आत्याबाई हसायला लागल्या. “एवढी शिव्या देणारी बाई पीत न्हाय म्हणतीया, म्हंजे न्हाईच पीत,” त्या म्हणाल्या आणि चहा संपवला.

लग्न ठरलं. आणि ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्या दुकानात. मला वाटलं, आता हात जोडेल. कसलं काय! ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

“वहिनी, ऑपरेशनचं कशाला सांगितलंसा? पीत न्हाय एवढं सांगायचं की. आता व्याही म्हणतोय, खुणा दावा. समद्या बैठकीत सदरा वर कराय लावला मला.”

मी मशीन थांबवली. या क्षणाची वाट मी किती दिवस बघत होते ते माझं मला माहीत. म्हटलं, “खरं ते बोलले. राग मानायचं काय कारण न्हाय.”

त्यानं मान हलवली, एकदा, आणि गेला.

आता उघड झालंच म्हटल्यावर गडी सुटला. पुढच्या तपासणीत लिव्हरची चरबी जवळजवळ गेलेली निघाली, कडकपणाही उतरलेला, रक्तातल्या साखरेसाठी चालू असलेल्या गोळ्याही बंद. तो रिपोर्ट घेऊन गल्लीभर फिरला. “दारू न पिताबी लिव्हर जातंय, ध्येनात ठेवा! आन् येळेवर हाललं तर माघारी बी येतंय.” जाड माणूस दिसला की धरलाच. परत तीच कटकट. स्वतःच्या उजव्या बरगडीखाली बोट टक् करून वाजवायचा आणि म्हणायचा, “खणखणीत.” एक मात्र सांगते, दुसऱ्याच्या पोटाला त्यानं परत कधी बोट लावलं नाही. माझी नजर होती म्हणून सांगते.

लग्नाला मी गेले. पोरीसाठी गेले. पंगतीत हा ताट घेऊन कुणाच्या तरी शेजारी बसलेला. दोन घास भात, बिनगोडाची आमटी, आणि होळगीसकट बाकीचं ताट तसंच पुढं ठेवून नुसता वास घेत होता. सगळ्या मांडवात तो एकटाच भुकेला दिसत होता. मी तोंड फिरवलं.

एकुलती एक पोरगी सासरी गेली, म्हातारी आई त्याच वर्षी गेली. अण्णानं दुकान काढून टाकलं आणि बायकोला घेऊन गावाकडं गेला, सीमेवर. जाताना सगळ्यांच्या घरी जाऊन आला. माझ्याकडंही आला. दाराची चौकट वाजवली, म्हणाला, “येतो वहिनी.” मी म्हटलं, “या.” एवढंच. मालकांबद्दल एक शब्द नाही बोलला. मी आत येऊन म्हटलं, गेली ब्याद.

यंदाच्या महाप्रसादाला मंडळाच्या खोलीतून भांडी बाहेर काढली. मी तांदूळ निवडायला बसले होते. तेवढ्यात दोघांनी मिळून एक नवं पातेलं आणलं, सगळ्यांत मोठं, आणि गल्लीच्या मधोमध चुलीवर ठेवलं. आचारी ओरडला, “टेलरमामा आले! आता भात एका दमात हुतोय!”

मी उठले. काठावर मालकांचं नाव होतं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, स्मरणार्थ. खाली ‘पत्नीकडून’ म्हणून माझं नाव. अण्णाचं नाव कुठंच नव्हतं. अक्षर त्याचंच होतं, मशीनचं, जरा तिरकं. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, “अण्णांनी जाताना दिलंय. तुम्हीच कराय सांगितलेलं म्हणं.”

मी कधी सांगितलं होतं? मला विचारलं का त्यानं? जन्मात कधी कुणाला विचारून काही केलं नाही त्या माणसानं! माझा असा संताप झाला की डोळ्यांतून पाणी आलं, आणि बायका म्हणाल्या, धुरानं येतंय, बाजूला सरा.

आचारी तांदळाची पाटी घेऊन उभा होता. मी म्हटलं, “थांबा जरा.” पुढं झाले, मधलं बोट वाकवलं, आणि पातेल्याच्या पोटावर वाजवलं.

सगळ्या गल्लीत आवाज गेला. कट्ट्यावरची माणसं वळून बघायला लागली.

“टाका तांदूळ,” मी म्हटलं, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या समोर, चुलीवरच्या मालकांसमोर, त्यांच्या त्याच पायरीवर जाऊन बसले.